मर्यादा यंत्राची की कारखान्याची?

जी गोष्ट आपणांस मिळत नाही तिच्यावाचून राहण्यातच मोठेपणा आहे, असे मानण्याची मनुष्यास फार जुनी खोड आहे. द्राक्षे आंबट ठरविणारा कोल्हा निदान स्वतःपुरतेच बोलला. अलीकडे मात्र द्राक्षांवाचून राहण्याचे शास्त्र रचून, दुसऱ्या कोणी शिडी आणली तर त्या शिडीलाच नावे ठेवणारे कोल्हे फार झाले आहेत. संगीताच्या यंत्रांसंबंधाने आज हाच प्रकार चालू आहे. विषय दिसण्यात लहान आहे. सॅम्पलर नावाच्या यंत्राच्या एका ट्रॅकवर एका वेळी एकच स्वर वाजत असेल, तर मिडीच्या संदेशांचे मार्ग बदलून त्याच यंत्रातून अनेक स्वर काढावेत की काढू नयेत, एवढाच काय तो प्रश्न. परंतु विकत घेतलेल्या वस्तूची मर्यादा कोणी ठरवावी, घेणाऱ्याच्या बुद्धीने की विकणाऱ्याच्या सोयीने, हा मोठा प्रश्न ह्या लहान प्रश्नाच्या पोटात दडलेला आहे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्या वाचकांचा ह्या यंत्राशी परिचय नाही त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत. सॅम्पलर म्हणजे ध्वनीचा नमुना साठवून ठेवणारे व मागितल्याबरोबर तो पुन्हा ऐकविणारे यंत्र. तंबोऱ्याची एक तार, तबल्यावरची एक थाप किंवा गवयाचा एक आकार त्यात एकदा भरला, की तोच नमुना जलद वाचून वरचा स्वर काढता येतो व सावकाश वाचून खालचा. यंत्र एका क्षणी जितके नमुने वाचू शकेल, तितके त्यास कंठ आहेत असे आपण म्हणू. १९७९ साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे तयार झालेल्या फेअरलाइट यंत्रास असे आठ कंठ होते. जपानच्या अकाई कंपनीने १९८६ साली एस-९०० हे यंत्र काढले, त्यासही आठच होते. परंतु एस-९०० चे हे आठ कंठ सामाईक असत. वादकाने एकाच ध्वनीच्या चार पट्ट्या दाबल्या तर आठांपैकी चार कंठ त्या ध्वनीच्या सेवेस येत. तो ध्वनी थांबला की तेच कंठ दुसऱ्या कामास मोकळे होत.

आता आजच्या काळातील एक प्रसिद्ध यंत्र घ्या. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील एलेक्ट्रॉन कंपनीने २०१७ साली डिजिटॅक्ट नावाचा सॅम्पलर बाजारात आणला. त्यासही आठ कंठ आहेत. परंतु ते सामाईक नाहीत. आठ ट्रॅक, आणि प्रत्येक ट्रॅकला एकेक कंठ, अशी त्यात कायमची वाटणी आहे. एखाद्या ट्रॅकवर तंबोऱ्याची तार भरून सा वाजविला व तो घुमत असताना प वाजविला, की प उमटतो खरा. पण सा जागच्या जागी गळा दाबल्याप्रमाणे थांबतो. शेजारचे सात कंठ त्या वेळी स्वस्थ बसलेले असले तरी ते मदतीस धावत नाहीत. पुढे २०२४ साली ह्याच यंत्राची दुसरी आवृत्ती निघाली; ट्रॅक आठाचे सोळा झाले, पण एका ट्रॅकला एक कंठ ही वाटणी तेव्हाही तशीच राहिली. १९८६ सालच्या एस-९०० मध्ये जे सहज होत होते ते ह्यात होत नाही, आणि कंठांची संख्या तर दोहोंतही सारखीच. ह्यावरून उणीव कंठांची नसून वाटणीची आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

ह्याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. ह्याच डिजिटॅक्टमध्ये ध्वनीच्या आठ ट्रॅकांखेरीज मिडीचे आठ ट्रॅक निराळे आहेत. दुसऱ्या वाद्यांना आज्ञा देणे हे त्यांचे काम. आणि त्या प्रत्येकातून एका वेळी चार स्वरांची आज्ञा बाहेर पाठविता येते. म्हणजे हे यंत्र शेजाऱ्याच्या वाद्याकडून चार सुरांचा मेळ वाजवून घेण्यास समर्थ आहे. स्वतःच्या एका ट्रॅकवर मात्र ते दोन सूर धरू शकत नाही! लोकांच्या लग्नात चौघडा वाजवावयाचा आणि घरच्या कार्यात एकच पिपाणी फुंकावयाची, अशातलाच हा प्रकार होय.

ह्या दोषावर उपाय काय? तो कारखान्याने दिलेला नसला तरी अवघड नाही. मिडी म्हणजे वाद्यांनी परस्परांस निरोप पाठविण्याची एक सर्वमान्य भाषा. एका तारेवरून सोळा स्वतंत्र चॅनलांचे निरोप जाऊ शकतात, आणि सॅम्पलरचा प्रत्येक ट्रॅक आपल्याला नेमून दिलेल्या चॅनलाचे निरोप तेवढे ऐकतो. आता वादकाची पेटी आणि सॅम्पलर ह्यांच्या मध्ये एक वाटप करणारा बसवावा. पेटीकडून पहिला स्वर आला की त्याने तो पहिल्या चॅनलावर पाठवावा, दुसरा आला की दुसऱ्यावर, तिसरा तिसऱ्यावर, चौथा चौथ्यावर. आणि पाचवा आला म्हणजे जो चॅनल सर्वांत आधी मोकळा झाला असेल त्यावर. सॅम्पलरच्या चारही ट्रॅकांवर नमुना एकच भरून ठेवलेला असल्यामुळे ऐकणाऱ्यास ते चार स्वर एकाच वाद्याचे वाटतात. तिकीटघरात आठ खिडक्या असून प्रत्येक खिडकीची रांग ठरलेली असली म्हणजे एकीपुढे झुंबड उडते व बाकीच्या ओस पडतात; परंतु दाराशी एक शहाणा शिपाई उभा करून 'मोकळ्या खिडकीकडे जा' असे त्याने सांगितले, की त्याच आठ खिडक्यांत सर्वांची सोय लागते. हा शिपाई म्हणजेच आमचा वाटप करणारा.

हे काम करणारी साधने आज अनेक आहेत. लिथुएनियातील ब्लोकास मंडळींनी तयार केलेली मिडीहब ही लहानशी पेटी हे वाटप संगणकावाचून करते. बोम कंपनीचा मिडी ट्रान्सलेटर संगणकावर चालतो व त्यात आपले नियम आपणच लिहिता येतात. ज्यांस एक पैही खर्चावयाची नाही त्यांच्यासाठी मिलर पकेट ह्यांनी निर्माण केलेली प्युअर डेटा ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. आलेले स्वर अनेक कंठांत वाटून देण्यासाठी तीत 'पॉली' नावाची तयार वस्तूच आहे. घरात अडगळीत पडलेल्या जुन्या संगणकावरही ती चालेल.

वाटप करणाऱ्यास तीन पथ्ये मात्र पाळावी लागतात. पहिले हे की, स्वर ज्या चॅनलावर सुरू केला त्याच चॅनलावर त्याच्या समाप्तीचा निरोप गेला पाहिजे. नाही तर एक स्वर अखंड रडत राहतो व दुसरा अकाली मरतो. दुसरे हे की, पट्टी सुटली म्हणजे ध्वनी संपला असे समजू नये. तारेच्या वाद्याचा नाद बोट उचलल्यावरही काही काळ घुमत असतो. म्हणून जो कंठ नुकताच सुटला त्याला लगेच न जुंपता, जो सर्वांत आधी सुटला त्यालाच नवा स्वर द्यावा. तिसरे पथ्य असे की, स्वर वाटून द्यावेत, पण ध्वनीचा रंग बदलण्याच्या आज्ञा सर्व चॅनलांवर सारख्याच पाठवाव्यात; नाही तर चार भावांपैकी एकाचाच आवाज बदलेल. इतके सांभाळले की एककंठी म्हणून विकले गेलेले यंत्र बहुकंठी होते.

असा हा सरळ उपाय असूनही त्यावर तीन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. त्यांचा क्रमाने समाचार घेऊ.

पहिला आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, 'इतकी यातायात कशाला? बहुस्वरी यंत्र हवे तर बहुस्वरी यंत्र विकत घ्यावे.' हा उपदेश ऐकण्यास शहाणपणाचा वाटतो. परंतु ज्याच्या कपाटात आठ कंठ आधीच पडलेले आहेत त्याला नववा विकत घ्यावयास सांगणे हे व्यवहारज्ञान नव्हे. विहिरीत पाणी आहे, फक्त रहाटाची दोरी आखूड आहे, अशा वेळी दुसरी विहीर खणा असे कोणी सांगत नाही. दोरी लांब करा असेच सांगतो. आणि ह्या उपदेशातून तरुणांस जी शिकवण मिळते ती आम्हांस अधिक घातक वाटते. अडचण आली की दुकानात जावे, हाच ज्याचा पहिला विचार, त्याला अडचणीचे कारण शोधण्याची गरजच उरत नाही. ज्या मुलाने वा मुलीने ह्या वाटपाचा नियम एकदा स्वतः लिहिला, तिला स्वर म्हणजे काय, निरोप म्हणजे काय आणि यंत्राच्या आत कोण कोणाशी कसे बोलते, हे जन्मभर कळले. नवीन यंत्राच्या पेटीबरोबर हे ज्ञान येत नाही.

दुसरा आक्षेप रसिकांचा आहे आणि तो अधिक मोहक आहे. ते म्हणतात, 'मर्यादा हाच कलेचा प्राण होय. एका वेळी एकच स्वर मिळतो म्हणून वादक विचार करून वाजवितो. त्याला चार स्वर दिले की तो बेफाम होतो.' ह्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच त्यातील हेत्वाभास उघड करणे अवश्य आहे. मर्यादा दोन प्रकारच्या असतात. बासरीतून एका वेळी एकच स्वर निघतो, कारण वेळूची एक नळी व मनुष्याचा एक श्वास ह्यांचा तो धर्मच आहे. त्या मर्यादेशी झगडूनच बासरीची कला घडली. ही द्रव्याची मर्यादा होय. परंतु ज्या यंत्रात आठ कंठ एकाच क्षणी बोलू शकतात, रोज बोलतात, आणि केवळ कारखान्यात कोणी तरी ठरविलेल्या वाटणीमुळे एका ट्रॅकवर एकत्र येऊ शकत नाहीत, तेथील मर्यादा द्रव्याची नव्हे. ती नियमाची आहे. पहिलीपुढे नम्र होणे ही साधना. दुसरीपुढे नम्र होणे ही केवळ आज्ञाधारकता. हे दोन्ही एकाच नावाने पूजणारे रसिक साधनेचा अपमान करीत आहेत, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

शिवाय ह्या रसिकांस आम्ही एक प्रश्न विचारतो. ज्यास एकच स्वर वाजवावयाचा आहे, त्याला चार कंठ उपलब्ध असताना कोणी अडविले आहे काय? आपण होऊन पाळलेला संयम हा गुण आहे. दार बाहेरून बंद आहे म्हणून घरात बसणाऱ्यास संयमी म्हणण्याची चाल आमच्याकडे नाही.

येथे कारखान्याचा पक्षही न्यायाने मांडला पाहिजे. एका ट्रॅकला एक कंठ ह्या वाटणीचा एक खरा लाभ आहे. सामाईक कंठांच्या यंत्रात स्वरांची गर्दी झाली की यंत्र जुना स्वर तोडून त्याचा कंठ नव्यास देते, आणि ऐन समेवर मृदंगाची थाप गिळली जाण्याचा धोका असतो. स्वतंत्र वाटणीत असे कधी होत नाही. तालाचा कंठ तालासाठीच राखलेला असतो. जे यंत्र मुख्यतः ताल रचण्यासाठी केले त्यात ही व्यवस्था प्रथम असावी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु प्रथम असणे निराळे आणि एकमेव असणे निराळे. चार ट्रॅक तालास राखून उरलेले चार एका ध्वनीस द्यावेत, एवढी मोकळीक वादकास दिल्याने तालाचे काय बिघडते? आणि ही गोष्ट त्याच कारखान्यास अशक्य होती असेही नाही. कारण त्याच कंपनीच्या ॲनालॉग फोर ह्या वाद्यात चार कंठ एकत्र करून बहुस्वरी वाजविण्याची सोय आहे. जे एका भावास दिले ते दुसऱ्यास का नाही, हे विचारण्याचा अधिकार पैसे मोजणाऱ्यास खास आहे.

तिसरा आक्षेप आमच्या स्वकीयांचा. ते म्हणतात, 'बहुस्वरता ही पाश्चात्त्यांची; आपले संगीत एकसुरी, रागप्रधान. आपल्याला ह्या चार कंठांचे काय करावयाचे?' हा आक्षेप ऐकला म्हणजे आक्षेपकाने कधी तंबोरा जुळलेला लक्ष देऊन ऐकला आहे की नाही, अशी शंका येते. तंबोऱ्याच्या चार तारा एकामागून एक छेडतात हे खरे. पण पहिली तार घुमत असतानाच दुसरी बोलते, दुसरीच्या नादात तिसरी मिसळते, आणि खर्जाची तार येईपर्यंत पंचमाचा नाद शिल्लक असतो. जवारीवर सुताचा धागा सरकवून कारागीर जो झंकार साधतो, तो ह्या चार नादांच्या एकमेकांत विरघळण्यासाठीच. मिरजेच्या तंबोऱ्यास व सतारीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या कारागिरांच्या पिढ्यान्पिढ्यांनी ही विद्या जतन केली, त्यांना कोणी सांगावे की पुढची तार छेडल्याबरोबर मागची मुकी झाली तरी चालेल? त्या तंबोऱ्याचा नमुना एककंठी ट्रॅकवर भरून वाजवून पाहावा, म्हणजे तो तंबोरा राहत नाही, एकतारीवर चार निरनिराळे स्वर काढल्यासारखा तो तुटक ऐकू येतो.

त्यातही जोडीच्या तारांचे उदाहरण फार बोधप्रद आहे. दोन्ही तारा षड्जाच्याच. म्हणजे मिडीच्या भाषेत दोहोंचा क्रमांक एकच. एकाच चॅनलावर तोच स्वर दोनदा सुरू झाला तर समाप्तीचा निरोप त्यांतील कोणासाठी, हे यंत्रास निश्चित कळत नाही. प्रत्येक तारेस निराळा चॅनल दिला की हा घोटाळा राहत नाही, आणि दोन्ही षड्ज परस्परांत मिसळून नांदतात. तंबोऱ्याच्या तारा चारच असल्यामुळे ही वाटणी हाताने कायमची करून ठेवता येईल, हे खरे. परंतु स्वरमंडलावरून गवयाचे बोट फिरते तेव्हा एका झटक्यात दहा-बारा तारा बोलतात व सर्व घुमत राहतात. तेथे कोणती तार कोणत्या कंठास द्यावी हे आधी ठरविता येत नाही. तेथे फिरते वाटपच हवे. आणि घरोघरची पेटी घ्या. एका हाताने भाता हलवीत दुसऱ्या हाताच्या बोटांनी सा-प धरून त्यावर अभंगाची चाल वाजविणारा मनुष्य एका वेळी तीन स्वर वाजवीत असतो. त्याने कधी हार्मनीचे पुस्तक उघडलेले नसते. आपले गाणे एकसुरी आहे. पण ते गाणे ज्या नादावर उभे राहते तो नाद कधीच एकसुरी नव्हता. तेव्हा बहुस्वरता परक्यांची म्हणून नाकारणारे हे गृहस्थ परकीय वस्तू नाकारीत नसून आपल्या बैठकीखालचे जाजमच ओढून घेत आहेत.

हा उपाय निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. खोट्या जाहिरातीचे काम विक्रेत्यांकडेच राहू द्यावे. चार ट्रॅक एका ध्वनीस दिले म्हणजे उरतात चारच. आठही दिले तर तालास जागा राहत नाही. चारही ट्रॅकांवर तोच नमुना व तीच मांडणी एकदा हाताने करून ठेवावी लागते. वाजविलेले स्वर यंत्रात नोंदविले तर ते चार ट्रॅकांत विखुरतात व मागाहून दुरुस्त करताना शोधाशोध होते. यंत्राचेच मिडी ट्रॅक बाहेर काढून, वाटप करून, त्याच यंत्रात परत आणावयाचे असतील, तर आत आलेला निरोप पुन्हा बाहेर पडून चक्रात फिरत राहणार नाही, ही दक्षता घ्यावी लागते. वेळेचाही हिशेब आहे. जुन्या मिडी तारेवरून सेकंदास ३१,२५० बिट जातात. एका स्वराच्या निरोपास तीन शब्द, प्रत्येक शब्दास दहा बिट, म्हणजे एक स्वर जाण्यास सुमारे ०.९६ मिलिसेकंद लागतात. एकाच चॅनलावरील स्वरांत पहिला शब्द पुन्हा न पाठविण्याची काटकसर करता येते. निराळ्या चॅनलांवर ती करता येत नाही. म्हणून चार स्वरांचा मेळ पुरा पोचण्यास ३.८४ मिलिसेकंद लागतील. एवढ्या अंतराने मेळ विसकटल्यासारखा वाटत नाही. तंबोरा छेडणाऱ्याच्या बोटास तर ह्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तरी ही किंमत आहे, आणि ती आधी सांगितलेली बरी.

ह्या किमतीच्या बदल्यात एक अनपेक्षित देणगीही मिळते. चारही ट्रॅक स्वतंत्र असल्यामुळे एकाचा स्वर केसभर चढा, दुसऱ्याचा किंचित मंद, एक डावीकडे, एक उजवीकडे, असे ठेवता येते. चार गायक एकच चीज गात असले तरी चौघांचे गळे एक नसतात, आणि त्या अल्पशा भेदातच समूहाची गोडी असते. सामाईक कंठांच्या कित्येक महागड्या यंत्रांत हा भेद मुद्दाम करावा लागतो. येथे तो आयताच हाती येतो.

ह्या उपायास लबाडी किंवा ठिगळ म्हणणाऱ्यांनी इतिहासाची थोडी पाने चाळावीत. अमेरिकेतील टॉम ओबरहाइम ह्यांच्या कंपनीचे १९७५ सालचे चार कंठांचे वाद्य म्हणजे चार स्वतंत्र एककंठी पेट्या एका चौकटीत बसवून, पट्ट्यांवरील स्वर त्यांच्यात वाटून देणारे एक अंकीय मंडल मध्ये घातलेले. ते वाटपाचे तंत्र ई-म्यू कंपनीच्या डेव्ह रॉसम ह्यांचे. प्रत्येक पेटीच्या खुंट्या वादकास निरनिराळ्या जुळवाव्या लागत. आणि त्यामुळे येणाऱ्या किंचित भेदासाठीच ते वाद्य आजही वाखाणले जाते. म्हणजे ज्याला आज ठिगळ म्हणतात तेच बहुस्वरी वाद्यांच्या कुळाचे मूळ आहे. मिडीच्या मूळ नियमांतही एका चॅनलास एकच स्वर देण्याची एक रीत पहिल्यापासून सांगितलेली आहे. गिटारीच्या सहा तारांस सहा चॅनल देऊन तिचा उपयोग होत आला. २०१८ साली मान्य झालेल्या एमपीई ह्या नियमावलीने तर प्रत्येक स्वरास स्वतंत्र चॅनल हेच तत्त्व स्वीकारले, कारण त्यामुळे प्रत्येक स्वराची मींड निराळी घेता येते. जे मानकानेच मान्य केले ते वादकाने आपल्या टेबलावर केले, तर त्यात चोरी ती कोणती?

आणि मिडीचा जन्म आठवावा. १९८३ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचे प्रॉफेट-६०० आणि रोलंडचे ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी ह्या दोघा कर्त्या पुरुषांनी ही भाषा एका कंपनीच्या कुलुपात न ठेवता सर्वांस खुली केली. प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांसाठी जे दार उघडे ठेवले, त्यातून ग्राहकाने आत-बाहेर जावे ह्याला हरकत घेणे म्हणजे त्या उदारतेचा अर्थच न समजणे होय.

तेव्हा आमचे मागणे थोडक्यात असे आहे. यंत्र करणाऱ्यांनी कंठ एकंदर किती आणि एका ध्वनीस एका वेळी किती मिळतात, हे दोन आकडे वेगवेगळे व ठळक छापावेत. 'आठ ट्रॅक' ह्या शब्दांनी अजाण ग्राहकाची समजूत चुकू देऊ नये. जेथे कंठ शिल्लक आहेत तेथे ते एकत्र करण्याची मोकळीक यंत्रातच द्यावी. विकणाऱ्यांनी मोठे यंत्र पुढे करण्यापूर्वी हातातल्या यंत्राची शक्ती दाखवावी. आणि घरातील वडील मंडळींस आमची विनंती ही की, मुलगी वा मुलगा चार तारा, एक पेटी व एक जुना संगणक जोडून रात्री उशिरापर्यंत बसला असेल, तर 'तयार मिळते ते घे की' असे म्हणून त्यास उठवू नये. तयार मिळते ते सर्वांनाच मिळते. यंत्र कोठे खरोखर अडते आणि कोठे त्यास केवळ अडवून ठेवले आहे, हा भेद ओळखण्याची दृष्टी मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते. आणि ती ज्या घरात कमावली जाते, त्या घरातील यंत्रे माणसांची चाकरी करतात, माणसे यंत्रांची नव्हे.